चला, भटकू या : सात हजार पायऱ्या आणि एक कोरा दगड



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. चीनमध्ये एका डोंगराच्या वाटेवर, पायऱ्यांच्या कडेला एक खडक आहे. त्यावर दोनच अक्षरं कोरली आहेत. पहिल्या अक्षराचा अर्थ 'किडा' आणि दुसऱ्याचा अर्थ 'दोन'. किडा दोन! बस्स, पुढे-मागे काही नाही. येणारा-जाणारा तिथे थांबतो, डोकं खाजवतो आणि पुढे जातो. एवढ्या पवित्र डोंगरावर कुणी 'किडा दोन' असं का बरं कोरलं असेल?

विचार करा. उत्तर मी सांगणार आहे, पण अगदी शेवटी. मधलं सगळं गाळून शेवटावर उडी मारायची नाही, कबूल? कबूल असेल तर पायात चांगले बूट घाला, पाण्याची बाटली घ्या आणि चला. आज आपल्याला सुमारे सात हजार पायऱ्या चढायच्या आहेत.

डोंगराचं नाव ताईशान. आता 'ताई' म्हटल्यावर तुम्हाला मोठी बहीण आठवली असेल, पण ही ताई वेगळी बरं का. चिनी भाषेत 'ताई' म्हणजे थोर, शांत, स्वस्थ आणि 'शान' म्हणजे डोंगर. चीनच्या पूर्वेला शान्तुंग नावाचा प्रांत आहे. तिथल्या ताईआन शहराला अगदी लागून हा डोंगर उभा आहे. राजधानी बीजिंगहून वेगवान रेल्वेनं निघालं की सुमारे दोन तासांत ताईआन येतं. चीनच्या पाच युआनच्या नोटेची मागची बाजू पाहायला मिळाली तर जरूर पाहा, तिथे हाच डोंगर छापलेला आहे.

मग हा डोंगर फार उंच असेल, नाही का? इथेच तर गंमत आहे. जुन्या पुस्तकांत त्याची उंची १५४५ मीटर दिलेली असते. चीन सरकारनं २००७ मध्ये नवी मोजणी जाहीर केली, तेव्हा ती १५३२.७ मीटर भरली. आणि आपलं कळसूबाई? १६४६ मीटर! म्हणजे सुट्टीत कळसूबाईवर जाऊन आलेला तुमच्यापैकी कुणीही मुलगा किंवा मुलगी चीनच्या सर्वांत मानाच्या डोंगरापेक्षा उंच जाऊन आली आहे. चीनमध्ये ताईशानहून कितीतरी उंच, बर्फानं झाकलेली शिखरं आहेत. पण मान मिळाला तो याला. का मिळाला?

एक कारण म्हणजे दिशा. जुन्या चीनमध्ये पाच पवित्र पर्वत मानले गेले, चार दिशांचे चार आणि मधला एक. मधला सुंगशान. त्याच्याच कुशीत ते शाओलिन मंदिर आहे, कुंगफूच्या सिनेमांमुळे तुमच्या ओळखीचं झालेलं. आणि पूर्वेचा पर्वत आपला ताईशान. पूर्व म्हणजे सूर्य उगवण्याची दिशा, नव्या सुरुवातीची दिशा. म्हणून पाचांत त्याचा मान पहिला. दुसरीकडे, माणूस मेल्यावर त्याचा आत्मा ताईशानच्या देवाकडे जातो अशीही समजूत होती. थोडक्यात, आयुष्याची दोन्ही टोकं या एका डोंगराशी बांधलेली होती.

शिवाय डोंगराच्या अंगाखांद्यावर माणसांनी दोन-अडीच हजार वर्षं सतत काही ना काही ठेवलेलं आहे. १९८७ मध्ये युनेस्कोनं ताईशानला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या नोंदीत २२ मंदिरं, ८१९ शिळा आणि कड्यांवर व खडकांवर कोरलेले १०१८ लेख दिलेले आहेत. एवढी अक्षरं अंगावर मिरवणारा डोंगर म्हणजे एक भलीमोठी वहीच की! आज आपण ही वही वाचत वाचत वर जाऊ. कुणी काय लिहिलं, ते किती टिकलं आणि कुणी काहीच लिहिलं नाही, तेही पाहू.

दहा अक्षरांचा सम्राट

चढण्याआधी पायथ्याच्या दाई मंदिरात जाऊ. हे ताईशानच्या देवाचं मंदिर. अंगणात सायप्रसची म्हातारी झाडं आहेत. त्यांतली काही दोन हजार वर्षांपूर्वी हान घराण्यातल्या वू सम्राटानं लावली असं परंपरा सांगते. मोठ्या सभामंडपाच्या भिंतीवर सुमारे ६२ मीटर लांबीचं चित्र आहे. डोंगराचा देव लवाजम्यासह फेरफटक्याला निघाला आहे आणि परत येतो आहे, असा देखावा.

पण आपल्याला पाहायचा आहे तो एक तुटका दगड. त्यावर जुन्या वळणाची जेमतेम दहा अक्षरं उरली आहेत. हा दगड छिन शी ह्वांग याचा. ओळखलंत? मातीच्या हजारो सैनिकांची फौज ज्याच्या समाधीजवळ १९७४ मध्ये सापडली, तोच हा चीनचा पहिला सम्राट. लढणारी राज्यं जिंकून त्यानं एक साम्राज्य केलं आणि इसवीसनपूर्व २१९ मध्ये तो ताईशानवर आला. माथ्यावर आभाळाची पूजा आणि पायथ्याशी धरतीची पूजा, असा तो सोहळा होता. 'आभाळानं मला राजा म्हणून मानलं आहे' हे साऱ्या जगाला सांगणं, हा त्याचा हेतू. आपल्या पराक्रमाची स्तुती त्यानं दगडावर कोरून ठेवली. पुढे त्याच्या मुलानं त्यात आणखी भर घातली. सगळी मिळून दोनशेहून जास्त अक्षरं होती.

आज त्यांतली दहा शिल्लक आहेत. आणि आपलं घराणं दहा हजार पिढ्या चालेल असं म्हणणाऱ्या त्या सम्राटाचं राज्य? ताईशानच्या पूजेनंतर पुरती पंधरा वर्षंही ते टिकलं नाही!

नाव नसलेला कोरीवकाम करणारा

आता लाल दरवाज्यातून पायऱ्यांना सुरुवात करू. इथून माथ्यापर्यंत सुमारे नऊ-साडेनऊ किलोमीटरची वाट आहे. सुरुवातीलाच एक दगडी कमान लागते. कन्फ्यूशियस इथूनच डोंगर चढला असं तिच्यावर लिहिलेलं आहे. चीनचा हा थोर शिक्षक जवळच्याच छूफू गावचा. थोडं पुढे गेलं की तो 'किडा दोन'वाला खडक. बघा, आठवला का काही अर्थ? नाही? चला पुढे.

वाटेपासून जरा आत वळलं की एक रुंद, उतरता खडक दिसतो. ओढ्याचं पात्रच ते. त्यावर हातभर रुंदीची मोठमोठी अक्षरं कोरलेली आहेत. एकेक अक्षर सुमारे ५० सेंटीमीटरचं! सहाव्या शतकातलं हे काम आहे. मूळची अडीच हजारांहून जास्त अक्षरं पाण्यानं, उन्हानं आणि माणसांच्या पायांनी झिजली. आज हजाराच्या वर उरली आहेत. सुलेखन शिकणारे चिनी विद्यार्थी त्यांना मोठ्या अक्षरांचे पूर्वज मानतात.

आणि लिहिलंय काय त्यावर? इथे तुमचे कान टवकारायला हवेत, कारण हा मजकूर मुळात भारतातला आहे. 'वज्रच्छेदिका' नावाचं हे बौद्ध सूत्र मूळ संस्कृतमधलं. त्याचा चिनी अनुवाद कुमारजीव या भिक्षूनं केला. कुमारजीवाचे वडील भारतीय आणि आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. इ.स. ४०१ मध्ये त्याला चीनच्या राजधानीत, चांगआनला आणलं गेलं आणि तिथे पंडितांच्या मोठ्या मंडळाबरोबर बसून त्यानं कितीतरी ग्रंथ चिनी भाषेत उतरवले. चिनी बौद्धांचे स्वतःचे चार पवित्र डोंगर आहेत. तिथे मंजुश्री, समंतभद्र, अवलोकितेश्वर आणि क्षितिगर्भ यांची पूजा होते. नावं ओळखीची वाटली ना? वाटणारच, ती संस्कृतच आहेत. पण ताईशान त्या चारांत नसूनही इथे भारताहून आलेलं सूत्र खडकावर आहे, त्याच्या खाली कन्फ्यूशियसची कमान आहे आणि वर ताओ पंथाची देवळं आहेत. एका डोंगरावर तीन वाटांची माणसं शेजारी शेजारी नांदली.

या सूत्राची शिकवण थोडक्यात सांगायची तर अशी, की 'मी, मी' असं जे आपण घट्ट धरून बसतो, ते सोडायला शिका. आणि गंमत पाहा. हे एवढं प्रचंड काम ज्यांनी केलं, त्यांनी त्याखाली ना आपलं नाव कोरलं, ना साल. सम्राटाचा दगड आणि हा खडक, दोन्ही एकाच डोंगरावर!

भिजलेला सम्राट आणि झाडाला मिळालेली बढती

पुढे चढण वाढत जाते. एका टप्प्याचं नावच आहे 'घोडा परतवण्याची खिंड'. इथून पुढे सम्राटालाही घोड्यावरून उतरावं लागलं असं सांगतात. डोंगर कुणाची पदवी विचारत नाही! अर्ध्या वाटेवर 'मधलं स्वर्गद्वार' येतं. आता इथपर्यंत बस येते आणि इथून वर रोपवे आहे. तो १९८३ मध्ये सुरू झाला. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना रोपवेनं पाठवू. आपण मात्र चालत जायचं. काय, दमलात?

मग या पाइनच्या झाडांखाली जरा टेका. यांची एक गोष्ट आहे. छिन शी ह्वांग डोंगरावर आला असताना अचानक पावसानं गाठलं. सम्राट झाला म्हणून काय झालं, पाऊस त्यालाही भिजवतोच. तो एका झाडाखाली थांबला. झाडानं आडोसा दिला म्हणून खूश होऊन त्यानं झाडाला चक्क दरबारातली पदवी दिली, 'वू दाफू'! जुन्या इतिहासकारांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

पुढची मजा ऐका. चिनी भाषेत 'वू' म्हणजे पाच आणि 'दाफू' म्हणजे अधिकारी. खरं तर 'वू दाफू' ही सगळी मिळून एकच पदवी होती. पण काळाच्या ओघात लोक ते विसरले. त्यांना वाटलं, पाच अधिकारी म्हणजे झाडंही पाच असणार! शेवटी १७३० मध्ये तिथे खरोखरच पाच पाइन लावण्यात आले. त्यांतले दोन आजही उभे आहेत. एका शब्दाचा अर्थ चुकला आणि चार झाडं जास्तीची उगवली. अशा चुका झाल्या तर बऱ्याच म्हणायच्या!

कावड खांद्यावर

आता मान वर करा. दोन कड्यांच्या मधून सरळ आभाळात चढणारी एक शिडी दिसते आहे? टोकाला तो लालसर दरवाजा? ते 'दक्षिण स्वर्गद्वार' आणि ही शिडी म्हणजे 'अठरा वळणं'. किलोमीटरभर अंतरात सोळाशेच्या वर पायऱ्या आणि सुमारे ४०० मीटरची उभी चढण! लोक कठडा धरून, दहा पायऱ्या चढून पाच मिनिटं बसत बसत जातात.

इतक्यात मागून एक माणूस येतो. खांद्यावर आडवी काठी, तिच्या दोन्ही टोकांना ओझं. अगदी आपल्या कावडीसारखं. एका बाजूला पाण्याच्या बाटल्यांची खोकी, दुसऱ्या बाजूला भाजी नाहीतर सिमेंट. पन्नास-पन्नास किलो वजन सहज. या लोकांना चिनी भाषेत 'थ्याओ-शान-कुंग' म्हणतात, म्हणजे डोंगरावर कावडीनं ओझी वाहणारे कामगार. ते चालतात कसे पाहा. सरळ वर जात नाहीत. पायऱ्यांच्या डाव्या कडेपासून तिरके उजव्या कडेला, मग वळून पुन्हा डावीकडे. सरळ गेलं तर पुढचं ओझं पायऱ्यांवर आपटेल ना! प्रत्येक वळणावर काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. त्यामुळे त्यांची वाट आपल्यापेक्षा कितीतरी लांब होते. तरीही आपण सरबत पीत, फोटो काढत बसतो आणि ते न थांबता आपल्या आधी वर पोचतात.

फंग जित्साय नावाच्या चिनी लेखकानं या कावडवाल्यांवर एक छोटा लेख लिहिला. तो तिथल्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात गेला आणि लाखो मुलांनी तो वाचला. विचार करा, डोंगराच्या माथ्यावर जे जे आहे ते वर कुणी नेलं? देवळांचे खांब, छपराची कौलं, दगड, चुना, पुजाऱ्याचा तांदूळ, सम्राटाची डोलीसुद्धा! सगळं माणसांच्या खांद्यावरून गेलं. सम्राटांची नावं १०१८ लेखांत शोधली की सापडतात. कावडवाल्यांची नाहीत.

रोपवे आणि यंत्रं आल्यापासून त्यांची संख्या घटली. २०२४ मध्ये ताईशानवर ओझी आणि कचरा वाहून नेण्यासाठी यांत्रिक कुत्रे वापरून पाहण्यात आले. २०२५ च्या चिनी नववर्षाच्या वेळी तर चढणाऱ्यांना पायाला बांधायची यंत्रं भाड्यानं मिळू लागली. कमरेला आणि मांड्यांना पट्टा बांधायचा, की यंत्र पाय उचलायला मदत करतं. म्हाताऱ्या माणसांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना ती सोय मोठीच आहे. आणि पाठीवरचं जड ओझं यंत्रानं उचललं तर वाईट काय? पण ज्यांनी हजारो वर्षं ते उचललं त्यांना विसरायचं नाही, एवढंच.

ताई नव्हे, आजी!

पोचलो बरं का! दक्षिण स्वर्गद्वारातून आत शिरलं की 'स्वर्गातली गल्ली' लागते. खाण्याची दुकानं, मुक्कामाच्या जागा, गारठ्यापासून बचावासाठी भाड्यानं मिळणारे जाडजूड कोट. थोडं पुढे पिशिया देवीचं देऊळ. वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून मुख्य मंदिराच्या छपराला पितळकाम केल्यासारखी तांबूस, काशाची कौलं घातली आहेत आणि बाजूच्या इमारतींना लोखंडाची.

सम्राटांचा सोहळा होता आभाळाशी बोलण्याचा. त्यात सामान्य माणसाला जागा नव्हती. सामान्य माणसांनी मग या देवीला आपलं मानलं. मूल होऊ दे, मूल बरं होऊ दे, घर सुखी राहू दे, अशी गाऱ्हाणी घेऊन शेकडो वर्षं बायाबापड्या इथे येत राहिल्या. तिचं मोठं नाव पिशिया युआनच्युन, पण गावाकडचे लोक तिला म्हणतात 'ताईशान नायनाय'. नायनाय म्हणजे आजी! पाहा, शेवटी नातं निघालंच. ताई नाही, तर आजी.

डोंगराचा धाकही लोकांनी घरी नेला. चीनमधल्या अनेक घरांच्या कोपऱ्यावर किंवा रस्ता समोरून थेट अंगावर येतो अशा जागी एक दगड बसवतात. ताईशानचा हा दगड कुणालाही अडवू शकतो, अशा अर्थाची अक्षरं त्यावर कोरतात. वाईट गोष्ट घरात शिरू नये म्हणून. ही चाल समुद्र ओलांडून जपानच्या ओकिनावा बेटापर्यंत गेली आहे.

सम्राटानं काय मागितलं?

माथ्याखालच्या कड्यावर सोनेरी अक्षरांची एक भिंतच दिसते. १३ मीटर उंच, हजाराच्या आसपास अक्षरं. हा लेख थांग घराण्यातल्या श्वेनत्सुंग सम्राटाचा. त्यानं इ.स. ७२५ मध्ये इथे पूजा केली. इतिहासात नीट नोंद आहे अशी आभाळ-धरतीची पूजा ताईशानवर मोजून सहा सम्राटांनी केली. शेवटची १००८ मध्ये. इतकी कमी का? कारण नियम असा होता की देशात शांतता आणि सुबत्ता आणणाऱ्यानंच इथे यावं. श्वेनत्सुंगचा पणजोबा ताईत्सुंग हा फार मोठा राजा. त्यालाही यायचं होतं. पण त्याचा मंत्री वेई चंग आडवा आला. लढायांनी गावं ओस पडली आहेत, तुमच्या हजारो माणसांना आणि घोड्यांना वाटेतले शेतकरी खायला काय घालतील, असं त्यानं राजाला तोंडावर विचारलं. आणि ताईत्सुंग कधीच ताईशानवर गेला नाही. ज्याला मान होता, तो न जाताही मोठाच राहिला.

श्वेनत्सुंग मात्र गेला. माथ्यावर सम्राट देवाला काय लिहून देतो, हे आधीचे राजे गुपित ठेवत. असं का, असं त्यानं आपल्या पंडिताला विचारलं. पंडित म्हणाला, कारण ते बहुधा स्वतःसाठी दीर्घायुष्य मागत असत. त्यावर सम्राटानं ठरवलं, माझं मागणं प्रजेसाठी आहे, ते झाकायचं कशाला? आणि त्यानं ते सगळ्यांना दाखवलं.

धरतीच्या पूजेच्या वेळी त्यानं जेड दगडाच्या पट्ट्यांवर मजकूर कोरून पायथ्याच्या टेकडीत पुरला होता. तो १९३१ मध्ये सैनिकांना सापडला. १००८ च्या सम्राटाचाही तिथेच मिळाला. दोन्ही आज तैवानमध्ये, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत. म्हणजे सम्राटानं देवाला लिहिलेलं पत्र आपण आज वाचू शकतो!

याच सोहळ्याची एक मिश्कील गोष्ट सांगतात. व्यवस्था पाहणाऱ्या मंत्र्यानं सोहळ्याच्या निमित्तानं आपल्या जावयाला एकदम चार पायऱ्या वरची बढती दिली. सम्राटानं विचारलं, हा इतका वर कसा गेला? जावई गप्प. तेव्हा दरबारचा विदूषक म्हणाला, ही सगळी ताईशानची ताकद! तेव्हापासून म्हणे चिनी भाषेत सासऱ्याला गमतीनं 'ताईशान' म्हणतात. तुमच्या बाबांना विचारा, त्यांचा ताईशान कोण?

कोरा दगड

आता अगदी शेवटच्या पायऱ्या. सर्वांत उंच टोकावर एक लहान मंदिर आणि दारापुढे सुमारे सहा मीटर उंचीची घडीव शिळा. जवळ जाऊन पाहा. पुढून पाहा, मागून पाहा. त्यावर मूळचं एकही अक्षर नाही!

हिचं नाव 'बिनअक्षरी शिळा'. छिन शी ह्वांगनं ती उभारली असं पूर्वी मानत. आता बरेच अभ्यासक ती इसवीसनपूर्व ११० मध्ये आलेल्या हान घराण्यातल्या वू सम्राटाची मानतात. कुणी म्हणतं, पराक्रम इतका मोठा की शब्द अपुरे पडले. कुणी म्हणतं, वाचणाऱ्यांनीच काय ते ठरवावं. हजार लेखांचा डोंगर चढून आल्यावर माथ्यावर माणसं सर्वांत जास्त वेळ थांबतात, बोलतात, वाद घालतात ती याच कोऱ्या दगडापाशी.

भल्या पहाटे इथे शेकडो लोक कोट गुंडाळून पूर्वेकडे तोंड करून बसतात. अंधारातच सात हजार पायऱ्या चढून आलेले असतात. ढगांच्या वर सूर्याची कड दिसली की सगळीकडून एकच आवाज उठतो. त्यांच्या पायाखालचे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्यापुढे छिन शी ह्वांगसुद्धा कालपरवाचाच!

मित्रांनो, आता एक तुमच्या-माझ्यातली गोष्ट. आपण गडावर जातो, लेण्यांत जातो, तेव्हा भिंतींवर काय दिसतं? बाण मारलेलं बदामाचं चित्र, कुणाकुणाची नावं, तारखा. खिळ्यानं, कोळशानं, रंगानं. ज्या हातांनी तो तट चढवला, त्यांतल्या कुणाचंही नाव तिथे नसतं आणि सहलीला आलेल्याचं मात्र असतं. ताईशानवरही आज हौसेनं काही कोरायला मनाई आहे. जुनी वही जपायची तर तिच्यावर रेघोट्या मारून कसं चालेल? जिथे दहा हजार पिढ्यांच्या सम्राटाची दहा अक्षरं उरली, तिथे आपल्या खिळ्याची काय कथा! नाव लिहायचंच असेल तर घरी येऊन आपल्या वहीत लिहा : अमुक दिवशी अमुक डोंगर चढलो, असं असं पाहिलं. पालकांनाही विनंती आहे. पुढच्या सहलीत एक गोष्ट मुलांबरोबर करून पाहा. ओझं उचलणाऱ्या, पाणी विकणाऱ्या, वाट झाडणाऱ्या एकातरी माणसाचं नाव विचारून या आणि वहीत तेही लिहा.

आणि हो, कोडं! तुम्ही शहाण्यासारखे क्रमानं इथवर आला असाल तर ऐका. जुन्या चिनी लिपीत 'वारा' हे अक्षर म्हणजे एक चौकट आणि तिच्या आत 'किडा' हे अक्षर. 'चंद्र' हे अक्षर म्हणजे एक चौकट आणि आत दोन आडव्या रेघा, म्हणजेच 'दोन'. १८९९ मध्ये एका पंडितानं वारा आणि चंद्र या दोन्ही अक्षरांच्या चौकटी काढून टाकल्या. काय उरलं? किडा दोन! चिनी भाषेत 'वारा-चंद्र' म्हणजे निसर्गाची शोभा. तिची चौकट काढली, कडा काढल्या, म्हणजे? या डोंगराच्या शोभेला सीमाच नाही!

आपल्या लिपीतही असं करता येतं. 'वारा' घ्या आणि त्याचे दोन्ही काने काढा. उरतं 'वर'! मग विचारा मित्राला : काने गळाले आणि वारा कुठे गेला? असं एखादं कोडं तुम्हीही रचा, आणि पुढच्या आठवड्याच्या भटकंतीपर्यंत घरातल्या मोठ्यांना त्यात अडकवून ठेवा.